ठकांची नवी विद्या आणि आपण

बी. ए. भाग २ ची एक विद्यार्थिनी

आमच्या गावात अजूनही दिवसा दाराला कुलूप लागत नाही. बांधीवर जाताना कडी ओढून घेतली की झाले. गावात परका माणूस शिरला तर पारावरची म्हातारी माणसे त्याला "कोणाकडे जाता?" असे विचारल्याखेरीज पुढे जाऊ देत नाहीत. अशा गावात, अशा घरात, माघ महिन्यातल्या एका दुपारी चोरी झाली. चोराने कडी वाजविली नाही, कुत्रे भुंकले नाही, आणि त्याला दार उघडून देणारी व्यक्ती दुसरीतिसरी कोणी नसून प्रस्तुत लेखिकाच होती.

वार्षिकांकात असे काही लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आपली फजिती चारचौघांत सांगणे कोणालाही आवडत नाही. परंतु आपल्या महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी माझ्यासारखेच खेड्यातून येतात, आणि घरातला मोबाईल 'शिकलेल्या' मुलाच्या किंवा मुलीच्याच हाती असतो. तेव्हा मला लागलेली ठेच मागच्यांच्या उपयोगी पडावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

घडले ते असे. मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता आणि पैसे जमा होण्याची रोज वाट पाहत होते. एके दिवशी ई-मेल आला. वर राजमुद्रेचे चित्र, खाली शुद्ध मराठीत मजकूर: आपल्या अर्जातील बँक खात्याची पडताळणी झालेली नाही, चोवीस तासांत ती न केल्यास अर्ज रद्द समजण्यात येईल. खाली निळ्या अक्षरांत एक दुवा होता. तो दाबला तेव्हा अगदी सरकारी वाटेल असे पान उघडले. त्या पानाने प्रथम 'पडताळणीचे ॲप' म्हणून एक फाईल मोबाईलमध्ये घ्यायला लावली आणि मग एक रुपया शुल्क भरण्यासाठी एटीएम कार्डाचा क्रमांक मागितला. माझ्याजवळ कार्ड नव्हते. बाबांचे होते. बाबा धानाच्या पुंजण्याजवळ बसून दोर वळत होते. मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुनं वाचलं ना बाई? मंग बराबरच असल." आणि खिशातून कार्ड काढून दिले.

एक रुपया कापला गेला. त्यानंतर पंधरा मिनिटांत तीन वेळा मिळून साडेएकतीस हजार रुपये गेले. ते आमच्या धानाचे चुकारे होते, आणि ३१ मार्चच्या आत सोसायटीचे पीककर्ज फेडण्यासाठी ठेवलेले होते. बँकेचा संकेतांक, ज्याला आपण ओटीपी म्हणतो, तो मी कोणालाही सांगितला नव्हता. मग पैसे गेले कसे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे कळले, ते पुढे क्रमाने मांडते.

गळ आणि आमिष

या विद्येला इंग्रजीत 'फिशिंग' म्हणतात. मासेमारीच्या इंग्रजी शब्दाचेच स्पेलिंग बदलून हा शब्द तयार झाला. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीच्या ग्राहकांचे परवलीचे शब्द खोटे निरोप पाठवून काढून घेतले जात, त्या काळात तो रूढ झाला. आपला भंडारा हा तर तलावांचा जिल्हा. गळ कसा टाकतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गळाला गांडूळ लावतात, कारण माशाला गांडूळ आवडते. मासा गळ गिळायला येत नाही, तो गांडूळ खायला येतो. ई-मेल हा गळ होय. शिष्यवृत्ती, बक्षीस, नोकरी, किंवा 'तुमचे खाते बंद होईल' ही धमकी, हे आमिष होय.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. त्या ठकाला मी ठाऊक नव्हते, माझा अर्जही ठाऊक नव्हता. असा निरोप एकाच वेळी हजारोंना पाठविला जातो. त्यांतील बहुतेक जण तो पुसून टाकतात. परंतु ज्याने त्याच आठवड्यात खरोखर अर्ज केलेला असतो, त्याला वाटते की हा निरोप आपल्यासाठीच आला आहे. पाण्यात शंभर मासे असले तरी भुकेला मासा तेवढा गळाला लागतो. मी भुकेली होते.

ही युक्ती नवी आहे असेही नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात 'स्पॅनिश कैदी' नावाने ओळखली जाणारी पत्रे येत असत. एक श्रीमंत सरदार स्पेनच्या तुरुंगात अडकला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडे पैसे पाठवा, सुटल्यावर तो संपत्तीचा वाटा देईल, असा त्यांतील मजकूर असे. पुढे नायजेरियातून अशीच पत्रे जगभर जाऊ लागली. त्या देशाच्या दंडसंहितेतील फसवणुकीच्या कलमावरून त्यांना 'चारशे एकोणीस' असे नाव पडले. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' असे शीर्षक असलेला ई-मेल फिलिपाइन्समधून निघाला आणि त्यासोबतचे 'प्रेमपत्र' उघडणाऱ्या लक्षावधी संगणकांना जगभर बाधा झाली. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २००५ मध्ये 'नॅसकॉम' या संस्थेच्या नावाने खोटे ई-मेल पाठविणाऱ्यांच्या खटल्यात फिशिंग हे बेकायदा कृत्य असल्याचे म्हटले, तेव्हा त्यासाठी आपल्याकडे वेगळे कलमदेखील नव्हते. साधने बदलली; पत्राचा ई-मेल झाला, ई-मेलचा व्हॉट्सॲप झाला. माणसाचे मन मात्र तेच राहिले.

लोभ, भीती आणि घाई

ठक आपल्या मोबाईलवर हल्ला करतो असे आपण समजतो. वास्तविक त्याचा पहिला हल्ला आपल्या मनावर असतो. मनाची तीन दारे त्याला पाठ आहेत.

पहिले दार लोभाचे. जुलै २०२३ मधले प्रकरण आपल्या शेजारचेच आहे. १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या गोंदियातील एका सट्टेबाजाविरुद्ध नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार दिली. ऑनलाइन जुगाराचा दुवा पाठवून आपल्याला ५८ कोटी रुपयांना बुडविले, असे त्या तक्रारीत म्हटले होते. नागपूर पोलिसांनी गोंदियातील घराची झडती घेतली तेव्हा कोट्यवधी रुपयांची रोकड आणि सोने हाती लागले. ठकांची रीत अशी की आरंभी थोडे जिंकू द्यायचे. हीच रीत आज शेअर बाजारातील 'खात्रीच्या नफ्या'च्या गटांत आणि घरबसल्या नोकरीच्या निरोपांत दिसते. पहिले दोनशे रुपये खरोखर मिळतात, कारण ते दोनशे रुपये म्हणजेच गांडूळ.

दुसरे दार भीतीचे. पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओवर दिसतो, 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले' असे सांगतो आणि कॅमेऱ्यासमोरून हलू नका असा हुकूम सोडतो. याला 'डिजिटल अटक' असे नाव मिळाले आहे. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. कोणताही पोलीस अधिकारी, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओवरून अटक करीत नाही आणि सुटकेसाठी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांना 'मन की बात' या कार्यक्रमात याविषयी देशाला सावध करावे लागले, यावरून या प्रकाराचा प्रसार लक्षात यावा.

तिसरे दार घाईचे, आणि माझ्या मते हेच सर्वांत मोठे. 'चोवीस तासांत', 'आज रात्री वीज कापली जाईल', 'शेवटची संधी' हे शब्द उगीच लिहिलेले नसतात. विचार करायला, कोणाला विचारायला सवड मिळू नये म्हणून ते लिहिलेले असतात. मी त्या दिवशी फक्त बाबांच्या दोराची एक गाठ पुरी होईपर्यंत थांबले असते तरी कदाचित वाचले असते.

आपण अडाणी म्हणून फसतो काय?

गावात सर्वांना असे वाटते की फसतो तो अडाणी. हा समज खोटा आहे. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०१५ मध्ये तिच्या कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाचा एक नम्र ई-मेल आला, सोबत अर्जदाराची माहिती उघडण्याचा दुवा होता. त्या दुव्यावाटे चोर बँकेच्या संगणकांत शिरले, वर्षभर दबा धरून बसले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सुटीचे दिवस साधून त्यांनी न्यूयॉर्कमधील खात्यातून ९५ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मागितली. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचलेच. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी मात्र थांबले, कारण चोरांनी 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकविले आणि एका जागरूक कर्मचाऱ्याला शंका आली. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी शुद्धलेखनाला कंटाळतो. पण एका शुद्धलेखनाच्या चुकीने दोन कोटी डॉलर वाचविले, हे आमच्या मराठीच्या सरांना निश्चितच आवडेल.

आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकप्रणालीत ऑगस्ट २०१८ मध्ये घातक प्रोग्राम घुसविण्यात आला आणि ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. जेथे संगणकाचे जाणकार पगारी नेमलेले असतात तेथेही असे घडते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. एवढे सारे लोक अडाणी कसे असतील? तेव्हा फसलेल्याची थट्टा करणे आपण थांबविले पाहिजे. थट्टेच्या भीतीने माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसलेला प्रत्येक तास ठकाच्या पथ्यावर पडतो.

पत्ता उलटा वाचावा

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय म्हणजे पत्ता वाचायला शिकणे. आपण टपालाचा पत्ता लिहितो तो असा: मुक्काम, पोस्ट, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा. पत्र कोणत्या जिल्ह्यात जाणार हे शेवटचा शब्द ठरवितो. संकेतस्थळाचा पत्ताही तसाच शेवटाकडून वाचावा लागतो. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या अलीकडचा जो शेवटचा भाग, तोच त्याचा खरा जिल्हा.

शिष्यवृत्तीचे खरे संकेतस्थळ 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असे आहे. 'गव्ह डॉट इन' हा शेवट फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो. मला आलेल्या पत्त्यात 'महाडीबीटी', 'महाराष्ट्र', 'गव्ह', 'इन' हे सगळे शब्द होते, परंतु त्यांच्यामध्ये टिंबांऐवजी आडव्या रेघा होत्या आणि शेवट होता 'डॉट ऑनलाइन'. म्हणजे मुक्कामाच्या जागी मंत्रालय लिहिले आणि जिल्हा भलताच! 'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीची घाई २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हाही अशीच नकली पाने निघाली होती. बँकांच्या बाबतीत तर आता फार सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांसाठी 'बँक डॉट इन' हा स्वतंत्र शेवट राखून ठेवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना आपली संकेतस्थळे त्यावर नेण्यास सांगितले. तेव्हा बँकेच्या नावाने आलेल्या दुव्याचा शेवट तसा नसेल तर थांबावे.

आणखी तीन बारकावे सांगते. ई-मेल पाठविणाऱ्याचे जे नाव वर दिसते, ते पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या नावासारखे असते. तेथे कोणीही काहीही लिहू शकतो. त्या नावावर बोट ठेवून आतला खरा पत्ता पाहावा. दुसरे, रोमन लिपीतील 'आर' आणि 'एन' ही अक्षरे शेजारी आली की 'एम'सारखी दिसतात, आणि एकचा आकडा 'एल'सारखा दिसतो. ठक याचा फायदा घेतात. तिसरे, पत्त्याजवळच्या कुलपाच्या चिन्हाने फसू नये. त्याचा अर्थ एवढाच की निरोप वाटेत कोणी फोडून वाचणार नाही. पाकीट चिकटविलेले आहे म्हणून आतले पत्र खरे, असे कोणी म्हणेल काय?

पूर्वी मोडक्या भाषेवरून असे निरोप ओळखू येत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे कोणत्याही ठकाला शुद्ध मराठी लिहून देतात, ओळखीच्या माणसाचा आवाजही हुबेहूब काढतात. म्हणून भाषा चांगली आहे यावर विसंबू नये. सर्वांत उत्तम मार्ग हा की आलेला दुवा दाबूच नये. काम खरे असेल तर संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाकून तेथे जावे आणि पाहावे. मी तसे पाहिले असते तर माझा अर्ज सुस्थितीत आहे हे दोन मिनिटांत कळले असते.

माझे पैसे गेले कसे?

आता माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. ती बँक आपल्या मोबाईलवर पाठविते. मी ती कोणाला सांगितली नाही हे खरे. परंतु 'पडताळणीचे ॲप' म्हणून जी फाईल मी घेतली, तिने आत येताच संदेश वाचण्याची परवानगी मागितली होती आणि मी घाईने 'होय' दाबले होते. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि पाठीमागचे तीन आकडे मी त्या पानावर लिहिले. बँकेने पाठविलेला ओटीपी त्या ॲपने वाचून परस्पर ठकाकडे पोहोचविला. म्हणजे किल्ली मी दिली नाही, पण किल्लीच्या खुंटीजवळ चोराला उभे केले.

अशा फाईलच्या नावाचा शेवट 'एपीके' असा असतो. लग्नपत्रिका, वाहनाचे चलान, 'पीएम किसान' योजनेची यादी, बँकेची केवायसी अशी निरनिराळी नावे देऊन या फाईली व्हॉट्सॲपवर फिरतात. लग्नपत्रिका कधीही 'एपीके' नसते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. ॲप घ्यायचे तर ते मोबाईलमधील अधिकृत दुकानातूनच घ्यावे, आणि तेथेही त्याचा कर्ता कोण हे वाचावे.

याखेरीज ज्या गोष्टी पाठच करून ठेवाव्यात त्या अशा:

१) पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. या दोन्ही गोष्टी फक्त पैसे देण्यासाठी असतात. 'पैसे पाठवितो, पिन टाका' असे म्हणणारा हमखास ठक.

२) बँकेचा किंवा गॅस कंपनीचा मदत क्रमांक गूगलवर शोधू नये. ठक तेथे आपले क्रमांक पेरून ठेवतात. क्रमांक पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीवर असतो, तोच घ्यावा.

३) दुसऱ्याला आपला मोबाईल दुरून दाखविणारे ॲप कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नये. त्यातून आपला पडदा त्याला जशाचा तसा दिसतो.

४) कंपन्यांकडून येणाऱ्या लघुसंदेशांच्या नावापुढे २०२५ पासून एक अक्षर येते: जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी' आणि सरकारी संदेशाला 'जी'. साध्या दहा आकडी क्रमांकावरून आलेला 'सरकारी' संदेश संशयास्पद समजावा.

५) आपले बँक खाते कोणालाही वापरायला देऊ नये. हा मुद्दा विशेषतः माझ्या मित्रमैत्रिणींसाठी आहे. 'खाते दे, महिन्याला दोन-तीन हजार देतो' असे कोणी म्हटले तर तो चोरीचे पैसे ठेवायला जागा शोधत आहे असे समजावे. पोलीस प्रथम खातेदाराच्याच दारात येतात. ज्या खात्यात बाबांचे पैसे गेले, तेही कदाचित आपल्यासारख्याच एखाद्या गरजू विद्यार्थ्याचे असेल, हा विचार मला आजही सतावतो.

ठेच लागल्यावर

फसल्याचे लक्षात आले की पहिले काम रडणे नव्हे. पहिले काम १९३० हा क्रमांक फिरविणे. केंद्रीय गृहमंत्रालयाने आर्थिक सायबर फसवणुकीसाठी ही व्यवस्था २०२१ पासून चालविली आहे. तक्रार नोंदताच ती संबंधित बँकेकडे जाते. पैसे ज्या खात्यात गेले त्यात शिल्लक असतील तर तेथेच गोठविले जातात, पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला कळविले जाते. ठक पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरवितात आणि शेवटी एटीएममधून काढतात. ही शर्यत आहे, आणि तीत पहिला तास सर्वांत मोलाचा. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड व खाते बंद करावे, मोबाईलचे इंटरनेट बंद करावे, ती फाईल काढून टाकावी, आणि आलेले संदेश व ई-मेल पुरावा म्हणून जपावेत.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाचे तत्त्वही माहीत असावे. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा बाहेरच्या गळतीने पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याची जबाबदारी शून्य धरावी, असे त्यात म्हटले होते. ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल तर कळविण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी लवकर कळविण्यातच हित आहे. गुन्हेगारासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड आहे. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम ३१८ ही लागू होते.

मला यांतले काहीच माहीत नव्हते. मी दोन दिवस लाजेने गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी वर्गात डोळे भरून आले तेव्हा आमच्या इतिहासाच्या सरांनी विचारपूस केली आणि स्वतःच्या मोबाईलवरून १९३० लावून दिला. तोवर बहुतेक रक्कम काढली गेली होती. चार हजार रुपये तेवढे एका खात्यात गोठले. बाबांनी दुभती म्हैस विकून ३१ मार्चच्या आत कर्ज फेडले. मी शिक्षण सोडते असे म्हणाले तेव्हा ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शिकनं सोडशील त पुढच्या टायमाले कोन वाचून सांगल?"

त्यांच्या या एका वाक्याने मला माझे काम दाखविले. बाबांनी कार्ड दिले ते माझ्या वाचण्यावरच्या विश्वासाने. त्यांच्या पिढीला अक्षर दिसले की ते खरे वाटते, कारण त्यांच्या लेखी छापलेले म्हणजे खरे. आम्हांला अक्षर ओळखता आले, पण अक्षरामागचा हेतू ओळखता आला नाही. महाविद्यालयीन शिक्षणाचा काही उपयोग असेल तर तो हाच की समोरच्या मजकुराला 'हे कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, आणि याला आजच उत्तर का हवे?' हे तीन प्रश्न विचारता यावेत. इतिहासाच्या तासाला आपण साधनांची चिकित्सा शिकतो ती याहून वेगळी ती काय?

आता दर रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर चार-पाच बाया आपापले मोबाईल घेऊन येतात. कोणाला 'लाडकी बहीण'चा निरोप आलेला असतो, कोणाला लॉटरीचा. आम्ही तो मोठ्याने वाचतो, पत्ता शेवटाकडून तपासतो आणि एकमेकींना विचारतो. परवा आईनेच एका निरोपावर बोट ठेवून म्हटले, "याच्या शेवटी गव्ह नाही दिसत." तिला रोमन अक्षरे येत नाहीत, तेवढी तीन ती चित्रासारखी लक्षात ठेवते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी एक ओसरी आहे. दाराला कुलूप नसलेल्या आपल्या गावांना आजवर पारावरच्या म्हाताऱ्यांच्या "कोणाकडे जाता?" या प्रश्नाने राखले. मोबाईलच्या दारात तोच प्रश्न विचारायला आता आपणच बसले पाहिजे, एवढेच नम्रपणे सुचवून हा लेख पुरा करते.